कोड न लिहिता गिट

नोएडाच्या सेक्टर ६२मधल्या एका कंपनीत मी ॲपचा मराठी मजकूर सांभाळते. कोड लिहीत नाही. पण 'पुढे जा', 'रद्द करा' ही वाक्यं कोडच्याच रेपोत, म्हणजे साठ्यात राहतात, म्हणून बदलांची नोंद ठेवणारं गिट शिकणं आलं. शिकवायला कानपूरचा एक सिनियर. त्याचा पहिला नियम: "कुछ भी करने से पहले स्टेटस देखो."

आधी बदल निवडायला 'ॲड', मग त्यांची नोंद करायला 'कमिट', हा द्राविडी प्राणायाम कशाला ते मला कळेना. एकदा शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या आणि एका बटणाचं नवं नाव एकाच फाइलीत झालं होतं. त्याने 'गिट ॲड -पी' चालवायला लावलं. गिट बदलाचा एकेक तुकडा समोर धरून विचारू लागलं, हा घ्यायचा का? दुरुस्त्या एका कमिटमध्ये गेल्या, बटण दुसऱ्यात. पुढे बटणाचं नाव नामंजूर झालं, तेव्हा तेवढंच कमिट रिव्हर्ट केलं. शुद्धलेखन जागच्या जागी राहिलं.

मराठीचे त्रास वेगळेच, आणि त्यात सिनियरचाही इलाज चालेना. देवनागरी नावाची फाइल स्टेटसमध्ये तिरक्या रेघा आणि आकड्यांची माळ होऊन दिसायची. यूटीएफ-८मध्ये आपलं एकेक अक्षर किंवा मात्रा तीन बाइट खाते, आणि गिट ते बाइटच आकड्यांत दाखवतं. 'कोअर.कोटपाथ' ही सेटिंग बंद केल्यावर नावं वाचता आली. शिवाय डिफ ओळीनुसार चालतो. मदत-पानावरचा अख्खा परिच्छेद म्हणजे एकच ओळ. एक वेलांटी सुधारली तरी सगळा परिच्छेद लाल-हिरवा. 'वर्ड-डिफ'ने तो एकच शब्द रंगतो. हे मात्र मी सिनियरला शिकवलं!

लिनस टोरवाल्ड्सने २००५च्या एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं, कारण लिनक्सवाले वापरत असलेल्या बिटकीपरची फुकट सवलत बंद झाली होती. दुसऱ्याच्या दारावर अवलंबून राहायचं नाही, हा हट्ट गिटच्या रचनेत दिसतो: क्लोन केलं की सगळा इतिहास आपल्या लॅपटॉपवर. २०१४च्या डिसेंबरअखेर दूरसंचार विभागाच्या आदेशावरून देशात ३२ वेबसाइट अडवल्या गेल्या, त्यात अनेकांच्या गिट रेपो जिथे असतात ते गिटहबही होतं. गिटहबवरची बंदी काही दिवसांत उठली. त्या काळातही कमिट करायला कुणाची आडकाठी नव्हती. अडलं असेल ते पुश-पुल, म्हणजे कमिट तिथे पाठवणं आणि तिथून आणणं.

मीसुद्धा द्वारकेला परतताना मेट्रोच्या ब्लू लाइनमध्ये, बसायला मिळालं तर, नेटशिवाय कमिट करते. 'मजकूर बदलला' एवढाच संदेश लिहिला की सिनियर रिव्ह्यूत परत पाठवतो: "वो तो दिख रहा है. क्यों बदला?"