न पेरलेले पीक

‘पेराल तेच उगवेल’ ही म्हण आम्ही वर्गात शिकवीत आलो, त्याला आता तीस वर्षे होत आली. फळ्यावर ती लिहिताना तिच्याविषयी कधी शंका आली नव्हती. तलमडुगुला घरामागचा सात गुंठ्यांचा तुकडा भाजीपाल्यासाठी विकत घेतला आणि मृगाचा पहिला चांगला पाऊस पडला, तेव्हा मात्र ही म्हण अपुरी आहे हे ध्यानी आले. आम्ही एक दाणाही पेरला नव्हता, आणि आठवड्याभरात सारे रान हिरवे झाले होते!

तलमडुगु हे आदिलाबादच्या पश्चिमेकडील मंडलाचे गाव. तेलुगूत ‘मडुगु’ म्हणजे पाण्याचा डोह. गावापुढे आणखी पश्चिमेस गेले की नांदेड जिल्ह्यातील किनवटचा मुलूख लागतो. हा किनवट तालुका पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले व उरलेला बहुतेक जिल्हा आंध्र प्रदेशात आला. २ जून २०१४ पासून तो तेलंगणात आहे. कागदावरील रेषा अशा बदलत गेल्या. माती मात्र दोहीकडे तीच काळी आणि पीकही तेच, कपाशीचे. आमच्या बाजारात कोणी ‘कापूस’ म्हणतो, तर कोणी तेलुगूत ‘पत्ती’. महाराष्ट्रातले पाहुणे प्रथम येतात तेव्हा ‘पत्ती’ म्हणजे चहाची पूड समजतात, ही गंमत आमच्याकडे घरोघर सांगितली जाते.

तर त्या हिरव्या रानात काय काय होते? सर्वांत अधिक कपाशीची रोपे. मधूनमधून तूर. बांधाच्या कडेने अंबाडी. एका कोपऱ्यात जोंधळ्याचे पाच-सहा कोंब. आणि या सर्वांच्या पायाशी घोळ व तांदुळजा पसरलेला. आधीच्या हंगामात या रानात जे जे पिकले, त्याची जणू हजेरीच आमच्यापुढे मांडली होती.

याचे मर्म काळ्या मातीत आहे. उन्हाळ्यात या मातीला खोल भेगा पडतात. शेवटच्या वेचणीत सोडून दिलेली कवडी, तिच्यातील सरकी, झोडपणीच्या वेळी उडालेली तूर, हे सारे त्या भेगांत उतरते. पाऊस पडला की माती फुगते, भेगा मिटतात आणि बी निरनिराळ्या खोलीवर गाडले जाते. म्हणून ते एकदम उगवत नाही. एका पावसाला थोडे उगवते, दुसऱ्याला थोडे. एकदा उपटून रान स्वच्छ केले असे समजावे, तो पुढच्या सरीला ते पुन्हा हजर!

आम्ही खुरपे घेऊन उभे होतो, तोच कुंपणापलीकडून एक आजी म्हणाल्या, “गुरुजी, आपोआप आलेलं झाड उपटू नये. लक्ष्मी असते ती.”

या आजींची ओळख करून दिली पाहिजे. ज्यांच्याकडून आम्ही हा तुकडा घेतला, त्यांनी तो स्वतः कधी कसला नव्हता. तो बटाईने कसत होत्या या आजी आणि त्यांचा मुलगा. खरेदीखत झाले आणि त्यांचे कसणे संपले. व्यवहारात आमच्याकडून काही गैर घडले नव्हते. तथापि त्यांच्या हाताने पडलेली सरकी आमच्या रानात उगवलेली पाहून आम्हांस संकोच वाटला. आम्ही विचारले, “आजी, सरकी तुमची. मग हे झाड कोणाचे?” त्या हसल्या. “ज्याच्या रानात उगवलं त्याचं,” असे म्हणाल्या. पण त्यांची नजर काही रोपांवरून हटेना.

आम्ही विरघळलो. कपाशीची डझनभर जोमदार झाडे राखली, तूर सगळीच ठेवली, आणि मधल्या जागेत हौसेने भेंडी लावली.

ही दया आम्हांला महागात पडली. भेंडी आणि कपाशी ही एकाच कुळातील भावंडे. एकीवरचे तुडतुडे आणि पांढरी माशी दुसरीवर सहज जातात. ठिपक्यांची बोंडअळी कपाशीचे बोंड पोखरते, तशीच भेंडीही पोखरते. दीड महिन्यात आमच्या भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या. हा हळद्या रोग पांढरी माशीच झाडोझाड पसरवते. आमच्या मंडळींनी पहिल्या तोड्यातील निम्म्या भेंड्या किडक्या म्हणून टाकून दिल्या आणि “लक्ष्मी बरी पावली हो,” एवढेच म्हणाल्या.

कपाशीला तरी बोंडे बरी लागावीत! पण तेथेही निराशाच झाली. आजकाल शेतकरी दरवर्षी संकरित बियाण्याचे नवे पाकीट घेतो. त्या पिकाची सांडलेली सरकी उगवते खरी. पण दुसऱ्या पिढीत आईबापांचे गुण विखुरतात. एक झाड उंच, एक खुजे. एकात किडीला रोखणारा गुण उतरलेला, दुसऱ्यात नाही, आणि झाडाकडे नुसते पाहून ते ओळखता येत नाही. बीटी कपाशीला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळी तिलाही सरावली. २०१७ च्या हंगामात याच अळीने विदर्भात किती कहर केला, हे तिकडच्या आप्तांकडून आपण सर्वांनी ऐकले आहे. ही अळी जवळजवळ केवळ कपाशीवरच जगते. हंगाम संपला की ती वाळक्या बोंडांत आणि सरकीत झोपी जाते व पुढच्या कपाशीची वाट पाहते. हंगामाबाहेर एखादे झाड उभे राहिले, की तिला मधला मुक्काम मिळतो. फरदड घेऊ नका, असे कृषी खाते सांगते त्याचे कारण हेच.

मार्गशीर्षात आम्ही एक बोंड फोडून आजींना दाखविले. आत गुलाबी अळी वळवळत होती. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. “हिनंच आमचे दोन हंगाम खाल्ले, गुरुजी,” त्या म्हणाल्या. मग त्यांचे लक्ष बांधावरील पऱ्हाट्यांच्या ढिगाकडे गेले. तो ढीग त्यांच्याच शेवटच्या पिकाचा होता आणि त्यांची चूल त्यावर चालत होती. ढिगातील काड्यांना वाळकी बोंडे तशीच लटकत होती. ढीग पेटवून द्या, असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार? अखेर दोन दिवस आम्ही उभयता आणि आजी त्या ढिगाशी बसलो, बोंडे तोडून वेगळी केली आणि तेवढीच जाळली. काड्या आजींच्या चुलीसाठी राहिल्या.

दुसऱ्या वर्षी आम्ही घाई केली नाही. पहिल्या पावसावर काहीच पेरले नाही. जे उगवायचे ते उगवू दिले. बारा दिवसांनी बैलजोडी सांगून वखराची पाळी घातली. दुसऱ्या पावसावर पुन्हा जे वर आले ते खुरप्याने काढले, आणि मगच गवार, दोडका, कारली व पालेभाज्या लावल्या. भेंडीला त्या वर्षी रजा दिली. यात आमचे तीन आठवडे गेले. शेजाऱ्यांचा दोडका मांडवावर चढला तेव्हा आमचा दोन पानांवर होता. पण पुढे औषधाचा पंप पाठीला लावावा लागला नाही.

तुरीच्या बाबतीतही डोळस व्हावे लागले. ज्या झाडाची पाने बारीक, फिकट होऊन त्याला फुलेच धरत नाहीत, ते वांझ रोगाचे. हा रोग डोळ्यांना न दिसणारे कोळी पसरवतात, आणि अशी आपसूक वाढलेली तूर हेच त्यांचे बिऱ्हाड असते. तशी दोन झाडे आम्ही उपटली. निरोगी चार कुंपणाशी ठेवली. अंबाडीही कपाशीच्याच कुळातली. म्हणून ती बांधावरच राहू दिली. घोळ आणि तांदुळजा तर सरळ स्वयंपाकघरात गेले.

न पेरता आलेले सारेच तण नव्हे आणि सारीच लक्ष्मीही नव्हे. प्रत्येक रोपापाशी वाकून ते कोण, कोठून आले आणि शेजाऱ्यांशी कसे वागेल, हे पाहावे लागते. वर्गात नव्या मुलांच्या बाबतीत आम्ही हेच करीत आलो. रानात ते शिकावयास एक हंगाम गमवावा लागला.

कपाशीची शेवटची रोपे आजींनीच उपटली. आम्ही त्यांना बोलावले नव्हते. त्या आपण होऊन कुंपण ओलांडून आल्या आणि ओळीने उपटत गेल्या. आपल्या हाताचे पीक काढताना त्यांना काय वाटले असेल, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. आता बांधावरील अंबाडी त्यांची, असे ठरले आहे. दर बाजाराच्या दिवशी त्या ओटीभर पाला खुडून नेतात, आणि भाजी झाली की झाकलेली वाटी आमच्याकडे येते.