कुणाच्या हातचं

स्लाऊत राहायला आल्यावर कितीतरी वर्षं मी पत्ता सांगताना 'विंडसरजवळ' असं सांगायचे. त्यात खोटं काही नव्हतं. टेम्सच्या पलीकडे, दोन-तीन मैलांवर तो किल्ला आहेच. पाहुणे आले की त्यांना किल्ला दाखवायचा, ईटनमध्ये कॉफी प्यायची आणि झोपण्यापुरतं स्लाऊत परतायचं. गावाची बदनामीही माझ्या पथ्यावर पडत होती. जॉन बेट्जमननं १९३७ साली या गावावर जी कविता लिहिली ती इंग्लंडात शाळकरी पोरांनाही माहीत असते. बीबीसीची 'द ऑफिस' मालिका इथलीच. २०२१ मध्ये तर इथल्या कौन्सिलनं तिजोरी रिकामी झाल्याचं अधिकृतपणे जाहीर केलं. गाव न आवडायला एवढी कारणं आयती मिळाल्यावर मला माझं खरं कारण कुणाला सांगावं लागलं नाही. स्वतःलाही नाही.

मला इथल्या पाकिस्तानी माणसांची भीती वाटायची. भीती म्हणते, पण तिच्यात तिरस्कार होता. मी तो कधी बोलून दाखवला नाही, एवढंच. घर बघताना मी एजंटला 'शेजार कसा आहे?' असं विचारायचे आणि त्याला काय समजायचं ते तो समजायचा. फार्नहॅम रोडवर बाथ रोडच्या बाजूनं वर चालत गेलं की मिठाईची दुकानं, कबाबची दुकानं, साड्या, मोबाइल, पोलिश किराणा अशी रांग लागते. त्या रांगेतली अर्धी दारं मी डोक्यातल्या नकाशावर खोडून टाकली होती. पाटीवर लाहोर किंवा कश्मीर दिसलं की पाय आपोआप पुढे पडायचा. चाल्वी हा तर अख्खा भागच मी खोडला होता.

खाण्यापिण्याच्या बंधनांचा यात काहीच संबंध नव्हता. आम्ही मूळचे इंदापूरकडचे. रविवारी घरात मटण शिजणार हे ठरलेलं, आणि भिगवणला थांबून चिलापी खाल्ल्याशिवाय आमचा सोलापूर रोडचा प्रवास कधी पुरा झाला नाही. स्लाऊत मात्र हलाल नको म्हणून आम्ही साऊथॉलला जाऊन झटक्याचं मटण आणायचो. गुरुद्वाऱ्यात लंगरला मी आनंदानं जायचे. वडापावची आठवण आली की ८१ नंबरची बस पकडून थेट हाउन्स्लो गाठायचं. तिथे सुजय सोहनी आणि सुबोध जोशी यांनी २०१० साली सुरू केलेलं 'श्री कृष्ण वडापाव' आहे. मंदीत नोकरी गेलेल्या मराठी माणसानं परक्या मुलखात उभं केलेलं ते दुकान, त्याचं कौतुक मी दहा जणांना सांगितलंय. माझ्या घरापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर तसंच नोकरी गेलेल्या, कर्ज काढलेल्या, पहाटे उठून कणीक मळणाऱ्या माणसांची कितीतरी दुकानं होती. त्यांच्या कष्टांचं कौतुक करावं असं मला कधी सुचलं नाही.

याहून वाईट गोष्ट सांगते. पुण्याहून नव्यानं आलेलं एक तरुण जोडपं घर शोधत होतं. मुलीनं मला फोन करून विचारलं, "ताई, चाल्वीत एक घर परवडतंय, घेऊ का?" मी लगेच नको म्हटलं. का नको, हे तिनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "तो एरिया आपल्यासारख्यांसाठी नाही." तोवर मी चाल्वीत एकदाही पायी फिरले नव्हते. त्यांनी ते घर सोडलं आणि स्टेशनपासून लांब, जास्त भाड्याचं घर घेतलं. मी एखाद्याचं भलं केल्याच्या समाधानात होते.

मग आई आली. तिची पहिलीच परदेशवारी. एका सोमवारी दुपारी आम्ही फार्नहॅम रोडला भाजी घ्यायला गेलो. तिच्या गुडघ्यांनी वाटेतच दगा दिला. समोर जे दार होतं ते ढकलून ती आत जाऊन बसलीसुद्धा. मी पाटी वाचेपर्यंत उशीर झाला होता.

आत सहा-सात टेबलं, प्लास्टिकच्या पाण्याच्या जगांवर उलटे ठेवलेले ग्लास, भिंतीवर काबेचं चित्र आणि त्याखाली कौन्सिलचं स्वच्छतेचं प्रमाणपत्र. गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ होते. ते उठून आले, आईसमोर पाणी ठेवलं आणि म्हणाले, "बहनजी, आराम से बैठिए." मी इंग्रजीत म्हणाले की आम्ही फक्त पाच मिनिटं बसतोय. आई म्हणाली, "अगं, भूक लागलीय मला." आणि तिच्या हिंदीत त्यांना म्हणाली, "आज मेरा सोमवार है. मटण-चिकन नाही चलता."

मला वाटलं, सुटले. पण ते म्हणाले, दाल आहे, तव्यावरची भेंडी करून देतो, तवा वेगळा घेतो. आईनं मान डोलावली आणि उठून थेट तंदूरपाशी जाऊन उभी राहिली. एक पोरगा कणकेचा गोळा हातावर थापून मोठा करत होता, कापडाच्या गादीवर पसरत होता आणि ती गादी हातात धरून तंदूरच्या आत वाकून भिंतीवर दाबत होता. कोपरापर्यंतचे केस जळून गेलेले. रोटीला फोड आले की दोन लोखंडी सळयांनी ती ओढून बाहेर. आईनं त्याला विचारलं, भाजत नाही का रे बाळा? तो हसला. त्याला मराठी येत नव्हतं, पण प्रश्न कळला.

दाल आली. आई जेवत होती आणि मी पाण्याचा ग्लास हातात धरून बसले होते. त्या गृहस्थांनी विचारलं, कुठल्या गावच्या? आई म्हणाली, "गाव तो पानी में गया. उजनी डॅम में." ते क्षणभर थांबले, खुर्ची ओढून टेबलाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "हमारा मंगला में गया."

पुढचा अर्धा-पाऊण तास माझी कुणालाच गरज नव्हती. मंगला धरण झेलम नदीवर, १९६७ साली पुरं झालं. त्यात जुनं मिरपूर शहर आणि आजूबाजूची गावं बुडाली, लाखाहून जास्त माणसं उठली. त्यातल्या पुष्कळांनी पुढे ब्रिटनची वाट धरली, आणि स्लाऊतल्या पाकिस्तानी कुटुंबांपैकी बरीचशी त्याच मुलखातली. हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी मी फक्त ऐकत होते. ते म्हणाले, पाणी उतरलं की जुन्या शहरातलं मंदिर आणि पिरांच्या मजारी वर येतात, लोक होडीतून बघायला जातात. आई म्हणाली, आमच्याकडे पळसदेवचं देऊळ तसंच वर येतं. मग दोघं मोबदल्याबद्दल बोलले. कुणाला मिळाला, कुणाला निम्माच मिळाला, बदली जमीन कशी खडकाळ निघाली. त्यांच्या वडिलांची कबर खाली आहे. आई म्हणाली, आमच्या दारात चिंच होती, पाणी चढत आलं तेव्हा बाप ती तोडू देईना, म्हणाला उभी राहू दे. ती शाळकरी होती तेव्हा. पाणी चिंचेच्या बुंध्याला लागलं त्या दिवशी ती बैलगाडीत मागे तोंड करून बसली होती.

ही चिंच मला माहीत नव्हती. आजोळ पाण्यात गेलं एवढं माहीत होतं, जसं इतिहासातलं एखादं साल माहीत असतं. इतक्या वर्षांत मी आईला त्याबद्दल काही विचारलं नव्हतं, आणि तिनं ते सांगितलं ते एका परक्या माणसाला, कारण त्यानं पुढचा प्रश्न बरोबर विचारला. मी त्या टेबलाशी गप्प बसले होते आणि मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. त्या माणसाबद्दल मी वर्षानुवर्षं एक मत बाळगलं होतं, आणि त्यात त्याचं गाव नव्हतं, बाप नव्हता, खडकाळ जमीन नव्हती. फक्त पाटी होती. मी रोटीचा तुकडा मोडला, दालीत बुडवला आणि खाल्ला. दालीला वरून लसणाची फोडणी होती. चांगली होती. त्यांनी पैसे रीतसर घेतले, पावती दिली.

घरी येताना मी आईला विचारलं, तुला तिथलं चाललं? इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आले होते की माझं काही नाही, आई-बाबांना आवडणार नाही. आई म्हणाली, "न चालायला काय झालं?" मी पुटपुटले, हलाल वगैरे. ती रस्त्यातच थांबली. "आपल्या जत्रेचं बकरं कोण कापतं गं?"

मुलाणी. मला पूर्ण ठाऊक होतं. लहानपणी मी त्या जत्रेत पंगतीला बसून ताट चाटूनपुसून खाल्लं होतं, आणि इंग्लंडात येऊन झटक्यासाठी साऊथॉलच्या फेऱ्या मारत होते.

त्या रात्री मला शाहू महाराज आठवले. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी त्यांच्यावर बोलून बक्षीस मिळवलेलं आहे. गंगाराम कांबळे यांना महाराजांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढून दिलं, 'सत्यसुधारक' नावाचं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, असा प्रश्न होता. महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा प्यायचे आणि बरोबरच्यांनाही पाजायचे. तेव्हा मी हातवारे करून हे सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. पुढे मोठी होऊन मी नेमकी त्या माणसांमध्ये जाऊन उभी राहिले ज्यांना चहा पाजायची वेळ महाराजांवर आली होती. जात मी मानत नाही असं मी कुणालाही छातीठोक सांगितलं असतं. हातचं खाण्याचा तो जुना नियम मी तसाच ठेवला होता, फक्त जातीच्या जागी पासपोर्ट घातला होता.

आई परत गेल्यावर मी चाल्वीत गेले. नंतर दर थोड्या दिवसांनी एकेका भागात जाऊन तिथल्या छोट्या हॉटेलात जेवायचं अशी सवयच लागली. साखळी हॉटेलं सगळीकडे सारखीच, त्यांच्यातून गाव कळत नाही. या छोट्या दुकानांमधून मला स्लाऊ कळत गेलं, कारण इथे जो तो कामासाठी बोलावला गेलेला आहे आणि आपली चूल बरोबर घेऊन आलेला आहे. पहिल्या महायुद्धानंतर लष्करी मोटारींच्या डेपोच्या जागी १९२० मध्ये ट्रेडिंग इस्टेट झाली आणि कारखाने आले. मार्सची चॉकलेटं १९३२ पासून इथे बनतात. आपल्या घरोघरी पोचलेलं हॉर्लिक्स इथल्याच लाल विटांच्या कारखान्यात बनायचं. तिथे आता फ्लॅट झालेत. १९३०च्या दशकात खाणी बंद पडल्या म्हणून वेल्सहून माणसं आली. दुसऱ्या महायुद्धानंतर मायदेशी परतता न आलेले पोलिश आले, आणि २००४ नंतर त्यांचे आणखी देशबांधव. कॅरिबियनमधलं अँग्विला हे एवढंसं बेट, पण तिथली माणसं स्लाऊत भरपूर. पंजाबी आले, मिरपुरी आले, वेक्सम पार्क हॉस्पिटलमुळे केरळच्या नर्स आल्या, आणि कॉम्प्युटरवाले आम्ही सगळ्यांत शेवटी. २०२१ च्या जनगणनेत गावातली जवळजवळ निम्मी माणसं आशियाई वंशाची निघाली. मी हा आकडा पूर्वी तक्रारीच्या सुरात सांगायचे.

पोलिश बाई पिएरोगी वाढते, त्या उकडलेल्या करंज्याच. आत बटाटा-चीजचं सारण, वर परतलेला कांदा. केरळच्या हॉटेलात रात्रपाळी संपवून आलेल्या नर्स हॉस्पिटलचा पास गळ्यात तसाच ठेवून पुट्टु-कडला खात असतात आणि फोनवर गावाकडच्या पोरांचा अभ्यास घेत असतात. त्या हॉटेलात मी कुणाशी फारशी बोलत नाही. नुसतं बसायला बरं वाटतं.

मी पूर्ण बदलले असं मात्र नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला पर्यटक मारले गेले. त्यात महाराष्ट्रातले सहा जण होते. त्यानंतर मी फार्नहॅम रोडच्या त्या हॉटेलात जाईना. त्या वृद्ध गृहस्थांचा त्याच्याशी काही संबंध नाही हे मला समजत होतं, तरी राग कुठेतरी ठेवायला जागा हवी होती आणि ती मी तिथे शोधली. मे महिन्यात युद्ध पेटतंय की काय असं वाटत असताना तर मी पलीकडच्या फुटपाथनं जात होते. जुनं वळण इतक्या सहज परत आलं याची मला धास्ती वाटली. अखेर एका दुपारी गेले. त्यांनी आईची तब्येत विचारली. मी म्हणाले, मी रागात होते म्हणून आले नाही. ते म्हणाले, "पता था." थोडं थांबून म्हणाले, त्यांचे नातेवाईक सीमेलगत राहतात, त्यांनाही झोप नव्हती. काश्मीरबद्दल आमचं मत एक होणार नाही. ते आम्ही दोघंही जाणतो आणि त्या विषयाला हात लावत नाही.

चाल्वीचं घर सोडलेल्या त्या मुलीला मी फोन केला. तेव्हा मी जे बोलले त्याला काही आधार नव्हता, नुसता माझा दुस्वास होता, असं सांगितलं. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, त्या घरात आम्ही भाड्यात पुष्कळ वाचवलं असतं." मला त्यावर उत्तर देता आलं नाही. आता नवीन कुणी चाल्वीबद्दल विचारलं तर सांगते की पार्किंगची मारामारी आहे, एम-४ च्या बाजूच्या गल्ल्यांत रात्री गाड्यांचा आवाज येतो, स्टेशन चालत गाठता येतं, आणि घर बघायला जाल तर जेवणाच्या वेळी जा.