वीस चित्रांची निवड

मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आपल्या पांढरपेशा घरांत पुष्कळ दिवसांपासून टक्क्यांचा प्रश्न होऊन बसला आहे. ही रीत कितीही रुक्ष असली तरी तिच्यात एक सोय आहे, हे आम्ही नाकारीत नाही. गुण कमी पडले तर प्रश्नपत्रिका अवघड होती असे म्हणता येते, तपासनीस कडक होता असे म्हणता येते, आणि काहीच सुचले नाही तर त्या दिवशी मुलाच्या अंगात कणकण होती असे तरी म्हणता येतेच. परंतु ज्या विद्यालयाच्या दारात मुलाला स्वतःची चित्रे मांडावी लागतात, किंवा परीक्षकांपुढे उभे राहून स्वतःच्या कंठाने बोलून दाखवावे लागते, तेथे ही सोय उरत नाही. तेथून आलेला नकार मुलाच्या हातालाच, डोळ्यालाच, आवाजालाच मिळाला, असे घरात मानले जाते.

यंदा हा विचार आमच्या मनात वारंवार आला, कारण आमच्या भाचीने बारावीनंतर चित्रकलेकडे जाण्याचा निश्चय केला. आमचे मेहुणे बँकेत अधिकारी आहेत. “चित्रे काढून पोट भरते काय?” हा प्रश्न त्यांनी एकदाच विचारला आणि समाधानकारक उत्तर न मिळताही पुन्हा विचारला नाही. बापाच्या समंजसपणाची याहून मोठी खूण आम्हांस ठाऊक नाही.

महाराष्ट्रात बी.एफ.ए.च्या प्रवेशासाठी राज्याची सामायिक परीक्षा असते. तीत वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र काढावे लागते, व सामान्यज्ञानाचे प्रश्नही सोडवावे लागतात. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा दिलेल्या मुलांस ही नावे परिचित असतात. त्यांपैकी स्मरणचित्र आम्हांस सर्वांत रोचक वाटते. बाजार, रेल्वेचा फलाट, लग्नघर असा एखादा प्रसंग द्यावयाचा, आणि समोर काहीही नसताना तो माणसांसकट कागदावर उतरवावयाचा. या मुलाने आजवर डोळे उघडे ठेवले होते की नाही, याचीच ही परीक्षा! पण आपल्याकडे ज्या गोष्टीची परीक्षा निघते तिचा शिकवणीवर्गही निघतो. भाची ज्या वर्गास जात असे तेथे माणसे तयारच मिळत : पाठमोरी टोपलीवाली एक, मुलाचे बोट धरलेली बाई एक, छत्रीवाला एक. प्रसंग कोणताही येवो, हीच मंडळी थोडी इकडेतिकडे सरकवून उभी करावयाची. बाजारात छत्रीवाला, फलाटावर छत्रीवाला, लग्नघराच्या मांडवातही छत्रीवाला! स्मरणाच्या परीक्षेत स्मरणाचीच गरज पडू नये, अशी ही व्यवस्था होती.

नकलेचा आम्हांस तिटकारा आहे असे मात्र कोणी समजू नये. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली निघाले. तेथील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ च्या दरम्यान आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. अंधाऱ्या लेण्यांत, पुसट झालेल्या रेषांपुढे दिवसचे दिवस बसून केलेली तीही नक्कलच होती. पण तशी नक्कल करणाऱ्यास पाहावे फार लागते. छत्रीवाला काढणाऱ्यास काहीच पाहावे लागत नाही. असो.

नटांची गोष्ट याहूनही कठीण. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली स्थापन झाले. तेथे पदवीधर उमेदवारांची प्रथम निरनिराळ्या शहरांत चाचणी होते, आणि तीतून निवडलेल्यांस दिल्लीस बोलावून काही दिवसांच्या कार्यशाळेत पारखले जाते. आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा अशाच एका नाट्यशाळेच्या चाचणीस गेला होता. दोन महिने तो गच्चीवर भाषणे घोकीत असे. त्याच्या आईला ती स्वयंपाक करता करता पाठ झाली होती. त्याची निवड झाली नाही. त्यानंतर कित्येक आठवडे तो घरात हळू आवाजात बोलत असे, एवढेच त्याच्या आईने आम्हांस सांगितले.

भाचीने सामायिक परीक्षेखेरीज परप्रांतातील एका संस्थेकडेही अर्ज केला होता, आणि त्या संस्थेने पोर्टफोलिओ मागविला होता. (आमच्या लहानपणी हा शब्द केवळ मंत्र्यांच्या खातेवाटपात ऐकू येई.) चित्रे वीस, स्वतः निवडलेली, त्यांची छायाचित्रे पाठवावयाची होती. वीस चित्रे काढणे सोपे आहे. पण शंभरांतून वीस निवडावयाची म्हणजे यांत आपले कोणते आणि शिकविलेले कोणते, हे सतराव्या वर्षी ठरवावयाचे. आम्ही स्वतः इतकी वर्षे लिहीत आहो. आमच्या लेखांतून असे वीस निवडा म्हटले, तर आम्ही मुदत वाढवून मागू.

एका रविवारी चित्रे दिवाणखान्यात जमिनीवर मांडली गेली. मेहुण्यांनी गणपतीचे जलरंगातील चित्र उचलले. त्यास शाळेत पहिले बक्षीस मिळाले होते. भाचीने ते बाजूला ठेवले आणि एक जुनी वही उघडली. तिच्या आजीस गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून दुपारी आजीपाशी बसण्याची पाळी भाचीची असे, आणि त्या वेळात तिने पेन्सिलीने आजीच काढली होती. उशीत रुतलेला गाल. छातीवर राहिलेला चष्मा. आणि एका पानावर केवळ उजवा हात, पलंगाच्या कडेवर निर्जीव पडलेला. आम्ही ते पान पाहिले आणि काही वेळ बोललो नाही.

“घरचं दुखणं परक्यांना दाखवायचं?” आमची बहीण म्हणाली. “दादा, तू तरी सांग हिला.”

तिचे म्हणणे आम्हांस अगदीच गैर वाटले नाही. ज्या घरात आजार दार लोटून सोसावयाची चाल आहे, तेथे आजीचा लुळा हात परीक्षकांच्या टेबलावर जाणे ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय तो हात ज्यांचा, त्यांस कोणी विचारलेच नव्हते. आम्ही एवढेच सुचविले.

वही आत नेली. आजींनी चष्मा मागितला आणि ते पान पुष्कळ वेळ न्याहाळले.

“पाटल्या कुठं गेल्या?” त्यांनी अडखळत विचारले.

“दवाखान्यात काढल्या होत्या ना, आजी.”

“हो. मग बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, आणि चष्मा काढून नातीच्या हातात दिला.

निकाल अजून लागावयाचा आहे. परीक्षकांस दिवसाकाठी किती चित्रे पाहावी लागतात आणि त्या गर्दीत एका हातापाशी ते थांबतील की नाही, हे कोण सांगणार? वहीतील सात पाने शेवटी त्या विसांत गेली. गणपतीही गेला, कारण भाचीने बापाचे एक चित्र ठेवावयाचे कबूल केले. छायाचित्रे मेहुण्यांनीच मोबाइलवर काढली. त्या हाताचे चित्र त्यांनी चार वेळा टिपले, आणि चारही वेळा त्यांच्याच हाताची सावली कागदावर पडली. मग त्यांनी टेबल खिडकीशी ओढून नेले.