दोष एकट्या थंडीचा नव्हे

डिसेंबर-जानेवारीत बेळगावचा पारा दहा-बारा अंशांवर उतरला की सकाळी सहाच्या सुमारास आमच्या गल्लीत एक ओळखीचा आवाज ऐकू येतो. कुणीतरी किल्ली फिरवत असतो आणि गाडी नुसती कण्हत असते. समोरच्या गॅलरीतून विचारणा होते, "गाडी स्टार्ट आगवल्देन्री?" उत्तर ठरलेले, "थंडी हो, दुसरं काय!" घर मराठी असो की कन्नड, या एका निदानावर सगळ्यांचे एकमत असते.

आमच्या घरात या प्रश्नाला जरा जास्त वजन आहे. माझी पत्नी धारवाडची. तिचे वडील, म्हणजे आमचे मामा, काही वर्षांपासून आमच्याकडेच असतात. आठवड्यातून दोनदा त्यांचे डायलिसिस असते आणि त्यासाठी सकाळी साडेसहाला रुग्णालयात पोहोचावे लागते. दोन वर्षांपूर्वी जानेवारीतल्या अशाच एका पहाटे, मामा कानटोपी-मफलर घालून गाडीत बसलेले असताना, गाडीने "कट-कट-कट" केले आणि ती गप्प झाली. शेजारच्या काकांनी आपली गाडी आणून जोडवायर लावली, म्हणून आम्ही वेळेवर पोहोचलो.

दुपारी गाडी उद्यमबागेकडच्या आमच्या मेस्त्रींकडे नेली. मी "थंडीमुळे..." अशी सुरुवात करताच ते हसले. म्हणाले, "आपली थंडी काय लडाखची आहे का सर? मोदल केळ्री, आमेले बोनेट तेगीरी." आधी ऐका, मग बॉनेट उघडा.

मग त्यांनी जे समजावले ते सगळ्यांनाच उपयोगी पडावे. बॅटरीतून वीज येते ती आतल्या रासायनिक क्रियेमुळे, आणि गारठ्यात ही क्रिया मंदावते. त्याच वेळी इंजिनचे ऑइल घट्ट होते, त्यामुळे इंजिन फिरवायला स्टार्टरला ताकद जास्त लागते. म्हणजे गरज वाढते आणि पुरवठा घटतो. तरीही दहा-बारा अंशांना धडधाकट बॅटरी जुमानत नाही. जी आधीच थकलेली असते, तीच या दिवसांत उघडी पडते. आणि बॅटरीला थकवतो तो मुख्यतः एप्रिल-मेचा उन्हाळा. उन्हाने केलेले नुकसान थंडी फक्त जाहीर करते.

निदानाची सुरुवात कानाने करायची. किल्ली फिरवल्यावर भराभर "कट-कट" झाले आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिले आहेत. "घर्र... घर्र..." असे रेंगाळत इंजिन फिरले, तर बॅटरी अशक्त आहे. हेडलाइट लख्ख आहेत, पण एकच "टक्" होऊन सगळे शांत, तर संशय स्टार्टरवर. आणि इंजिन नेहमीसारखे भराभर फिरते पण पेट घेत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नये. इंधन किंवा ठिणगी यांपैकी काहीतरी पोहोचत नसते. डिझेल गाडीत थंडीच्या दिवशी वेटोळ्याच्या चिन्हाचा दिवा विझेपर्यंत थांबून मगच स्टार्टर मारावा. दरवेळी पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये अर्धा-एक मिनिट दम खाऊ द्यावा.

त्यानंतर डोळ्यांचे काम. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली आहे का ते पाहावे. असल्यास आधी निगेटिव्ह वायर सोडवून, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने ती साफ होते. मीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवी, १२.२ म्हणजे साधारण निम्मीच भरलेली. इंजिन चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट दिसत नसतील, तर नवी बॅटरीसुद्धा उतरणार, कारण अल्टरनेटर तिला भरतच नाही.

जोडवायर लावतानाही क्रम आहे. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो. ठिणगी तिच्याजवळ पडू नये यासाठी हा खटाटोप.

आमच्या गाडीची बॅटरी साडेचार वर्षांची निघाली. रोजचे फिरणे घर ते कॉलेज, जेमतेम तीन किलोमीटर. एवढ्याशा अंतरात स्टार्ट करताना खर्च झालेली वीजही धड भरून निघत नाही. नवी बॅटरी बसवली आणि प्रश्न मिटला.

माझ्या मनात राहिला तो मेस्त्रींचा शब्द. "केळु." मराठीत आपण ऐकतो आणि विचारतो, दोन क्रियापदे लागतात. कन्नडमध्ये दोन्हींना एकच शब्द आहे. वीस वर्षे ती भाषा घरात ऐकतो आहे, पण या एका शब्दात वैद्यापासून मेस्त्रीपर्यंत सगळ्यांची विद्या आली आहे, हे त्या गॅरेजात जाणवले.

त्याच आठवड्यात मामांच्या पायांवर थोडी सूज दिसत होती. "वयच झालं, त्यात थंडी," असे ते म्हणत. घरात काही विचारले की त्यांचे उत्तर ठरलेले असते, "एनू इल्ल." त्या रात्री मी त्यांच्या खाटेशी बसलो आणि घाई न करता त्यांच्या भाषेत एकेक विचारत गेलो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले की आठ-दहा दिवस आडवे पडले की दम लागतो, दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही. डॉक्टरांच्या कानावर घातले. अंगात पाणी साठत होते. त्यांनी डायलिसिसमध्ये किती पाणी काढायचे त्याचा हिशेब बदलला, पिण्याच्या पाण्याचे माप आखून दिले, आणि तीन आठवड्यांत मामा एका उशीवर आले.

यंदाच्या गारठ्यात आपली गाडी अडली, तर किल्ली पुन्हा पुन्हा पिळण्याआधी क्षणभर कान द्यावा. आणि घरातले थोरले "काही नाही, थंडी आहे" म्हणाले, तर दुसऱ्यांदा विचारावे, जमल्यास ते ज्या भाषेत कण्हतात त्या भाषेत.