शांतता राखा

सार्वजनिक ग्रंथालयात पाऊल टाकताच 'शांतता राखा' ही पाटी दिसते. तेथील कर्मचाऱ्यांना मतभेद असलेल्या लोकांत संवाद घडवून आणण्याचे प्रशिक्षण द्यावे, ही कल्पना प्रथमदर्शनी विसंगत वाटते. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने मात्र २०१४ पासून असे प्रशिक्षण हाती घेतले. आपल्याकडे रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी शेवटच्या सूत्रात ग्रंथालयाला वाढत्या सजीवाची उपमा दिली आहे. आपले अनुदान मात्र ग्रंथ, कपाटे आणि इमारत यांवर खर्च होते.

काही वर्षांपूर्वी छत्तीसगडमधील एका शहरात अशाच एका वर्गाला उपस्थित राहण्याचा योग आला. सरावासाठी एक प्रसंग दिला होता: तरतूद घटली आहे, तर हिंदी, इंग्रजी आणि ओडिया वृत्तपत्रांपैकी कोणते बंद करावे? पाहुणा म्हणून प्रथम मला चर्चा चालवण्यास सांगितले. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. दर वाचकामागील खर्च फळ्यावर मांडला आणि दहा मिनिटांत ओडिया वृत्तपत्र बंद केले. कोणीही काही बोलले नाही. ती मी सहमती समजलो.

नंतर तोच प्रसंग एका परिचर बाईंनी हाताळला. त्यांनी खुर्च्या गोलाकार मांडल्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: "हे वृत्तपत्र बंद झाले तर तुमचे काय जाईल?" ओडिया वाचकाची भूमिका करणारा कर्मचारी थोडा थांबून म्हणाला, "माझ्या वडिलांना दुसरी लिपी वाचता येत नाही. दिवसातला हा एक तास त्यांचा असतो." तो आता भूमिका करत नव्हता. बाईंनी त्याचे म्हणणे हिंदी वाचकांकडून त्यांच्या शब्दांत वदवून घेतले आणि बरोबर सांगितले का, हे त्यालाच विचारले. अखेर हिंदीच्या दोन प्रतींपैकी एक कमी करावी, असे हिंदी वाचकांनीच सुचवले. माझ्या हिशेबात हा पर्याय नव्हता, कारण मी तो कोणाला विचारलाच नव्हता.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. पूर्वी एका कार्यालयीन वाचनालयाबाबत मी अशाच हिशेबाने खरोखर निर्णय दिला होता. नस्तीवर लिहिले होते: 'आक्षेप प्राप्त झाले नाहीत.' त्यानंतर तिथे येणे कोणी सोडले का, हे मी कधी पाहिले नाही.

संवादाने प्रत्येक प्रश्न सुटत नाही. पैसे अपुरेच राहतात आणि निर्णयावर कोणाला तरी स्वाक्षरी करावीच लागते. परिचराने न्यायाधीश व्हावे, अशीही अपेक्षा नाही. स्वतःचे मत बाजूला ठेवणे, गप्प बसलेल्याला वाट करून देणे आणि विरोधकाचे म्हणणे त्याला मान्य होईल असे मांडणे, एवढे शिकवता येते. त्यासाठी इमारत लागत नाही.

असो. हल्ली नस्तीवर 'आक्षेप नाहीत' हे वाचले की मी विचारतो, विचारले कोणाला होते?