बांधावरचा लिंब

मुखेडजवळचं आमचं शेत बटईनं दिलेलं आहे. 2023 चा ऑगस्ट आठवतो ना? 1901 पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. उन्हातलं कोवळं सोयाबीन दुपारी पानं उलटून फिकट बाजू वर धरायचं. बांधावरच्या लिंबाखालचं मात्र हिरवंगार. बटईदार दादांनी दोन्हीकडचं एकेक रोप उपटून दाखवलं (मला तेवढंही जिवावर आलं). सावलीतलं उजेडासाठी उंच गेलेलं, काडी बारीक, मूळ आखूड. उन्हातलं बुटकं, पण मूळ खोल. सावलीत रोपाला अन्न कमी बनतं, त्यातलं बरंचसं उंचीतच जातं. मुळांना उरणार काय? वर लिंबाच्या मुळ्याही तीच ओल ओढतात. पुढे पाऊस आल्यावर उन्हातलं सावरलं, लिंबाखालच्या सहा तासांना शेंगा नावालाच.

दादा म्हणाले, "काकू, लिंब तोडू." मी नाही म्हटलं. एवढा जुना जीव. शिवाय खुरपणीच्या बायका दुपारी भाकरी खायला बसणार कुठे? पण तोटा दादांनी का सोसावा? बी.कॉम. कामी आलं. त्या सहा तासांची तूट आमच्या वाट्यातून वळती केली, आणि दरवर्षी पेरणीआधी फक्त खालच्या फांद्या छाटायचं ठरलं.

ह्यांना हा हिशेब अजून पटलेला नाही.