गोळी, सल्ला आणि वंदना

मन आजारी पडले की आपल्या वस्तीत दोनच सल्ले मिळतात. एक म्हणतो, "बाहेरचं आहे, देवऋषीकडे न्या." दुसरा म्हणतो, "कामाला लागली की विसरेल." माझ्या धाकट्या जावेला हे दोन्ही ऐकावे लागले. दीर गेल्यावर चार महिने तिला धड झोप नव्हती. गॅस पेटवून तशीच उभी राहायची, वर भांडे ठेवायचे भान नसायचे.

आमच्या सासऱ्यांनी १९५६ साली नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या. त्या घरात देवऋषी येणे शक्य नव्हते. तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सल्ला देणाऱ्या बाईंकडे पाठवले. बाईंनी सगळे ऐकून घेतले नि शेवटी म्हणाल्या, "एक सत्यनारायण घाला, देवावर भार टाका." बोलल्या मायेनेच. पण जाऊ पुन्हा तिथे पाऊल टाकायला तयार होईना. जिथे आपण कोण हेच विचारत नाहीत, तिथे दुःख उघडे कसे करावे?

दुसऱ्या ठिकाणच्या समुपदेशक बाईंनी आधी विचारले, "तुम्ही काय मानता?"

"आम्ही बौद्ध. रविवारी विहारात वंदना असते."

"आता जाता का?"

या प्रश्नावर जाऊ जी रडली, ती मयतीच्या दिवशीही रडली नव्हती. दीर शेजारी बसून त्रिसरण म्हणायचे. ते गेल्यावर तिच्या तोंडून शब्दच फुटत नव्हता. एका घरात राहून आम्हांला हे ठाऊक नव्हते! बाईंनी गोळ्या चालूच ठेवायला सांगितल्या. रोज संध्याकाळी पाच मिनिटे नुसता श्वास पाहा, वंदना जमेल तेव्हा म्हणा, म्हणाल्या.

श्वास पाहणे म्हणजे आपली आनापानसती. अमेरिकेत डॉ. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अशा ध्यानाचा वर्ग रुग्णालयातील रोग्यांसाठी सुरू केला. पुढे उदासीनतेचा आजार उलटू नये म्हणून मानसोपचारातही ही रीत आली. तिथे बुद्धाचे नाव फारसे घेत नाहीत, ते असो. तथागतांनी किसा गोतमीला मेलेले मूल उठवून देतो असे सांगितले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही तिथून मोहरी आण म्हणाले, आणि दारोदार हिंडून ती स्वतःच समजली. आमच्या चाळीत तर पहिल्याच दारात समजली असती.

कोणी सुचवले, गोळ्या फेका आणि इगतपुरीला दहा दिवस पाठवा. त्या शिबिराच्या अर्जातच मनाचा आजार आणि चालू औषधे विचारतात, हे सांगणाऱ्याला माहीत नव्हते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये. जवळ दवाखाना नसेल तर सरकारचा टेली-मानस हा १४४१६ क्रमांकाचा मोफत फोन २०२२ पासून आहे.

जावेची अर्धी गोळी अजून चालू आहे. मागच्या पौर्णिमेला विहारात आली, पंचशीलापर्यंत म्हणाली, पुढे नुसती ऐकत बसली.